पिवळ्या लाईनवर आई

आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलत. बाबांची उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली होती, त्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि अशा माणसाच्या घरात हळू बोलायची सवय कुणालाच लागत नाही. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या, नवव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये साधं मीठ मागायचं तरी हाक मारल्यासारखं मागावं लागे. आम्ही नवीन होतो तेव्हा शेजारच्या चिनी आंटी एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणी कुणाला मारतंय की काय बघायला. आत बाबा आणि आई पापलेट किती ताजं आहे यावर गप्पा मारत होते. त्या हसल्या आणि चपला काढून आतच आल्या. खिडकीबाहेर चांगी विमानतळाची विमानं एकामागून एक खाली उतरत, पहाटे कोकिळ सगळ्या ब्लॉकला उठवून सोडत, आणि या सगळ्यावर बाबांचा आवाज असे. आज इतक्या वर्षांनी मी ते घर आठवायला बसते तेव्हा आधी त्याचा आवाज आठवतो, मग भिंती.

आई दाभोळची. लग्न होऊन परदेशात आली तरी तिचं स्वयंपाकघर खाडीच्या काठावरच राहिलं. मार्केटात ताजा नारळ खवून मिळायचा तो ती रोज आणायची, सुकटीच्या जागी तिथली इकन बिलिस नावाची वाळकी मासळी कांद्यावर परतायची, आणि आमसुलं मात्र गावाहून आलेलीच हवीत म्हणून डबा पुरवून पुरवून वापरायची. मार्केट, देऊळ, माझी शाळा, एवढ्या जागी ती पायी जाई. MRT मध्ये, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मात्र बाबांशिवाय किंवा माझ्याशिवाय ती कधी बसली नाही. तिला गर्दीची भीती नव्हती, भीती होती चुकीच्या बाजूला उभं राहण्याची. “एकदा दार लागलं की ती नेईल तिकडे जायचं, आपल्या हातात काय राहतं?” असं ती म्हणे. आमचं स्टेशन लाईनवरचं शेवटचं होतं याचं तिला फार समाधान होतं. घरी येताना चुकून पुढे जायची सोयच नव्हती.

बाबा तेव्हा समुद्रावर जात नव्हते. तांजोंग पगारच्या एका ऑफिसात बसून ते जहाजांच्या देखभालीचं काम बघत, आणि एखादं जहाज दुरुस्तीला लागलं की बॅग भरून त्या बंदराला जात. त्या वर्षी पावसाळी हवेत ते जर्मनीत हँबुर्गला गेले. फोन यायचा तो दुपारी, मी शाळेतून आल्यावर. आई रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायची आणि तरीही मला सगळं ऐकू यायचं. त्यांना तिथल्या गाड्यांचं भारी कौतुक वाटलं होतं. म्हणाले, इथे जमिनीखालून जाणारी गाडी बंदराशी आली की वर येते, लोखंडी पुलावर चढते, आणि खिडकीतून खाली सगळी गोदी दिसते, क्रेन, जहाजं, नदीतल्या फेरीबोटी. नकाशात तिची लाईन पिवळी. “तुला एकदा बसवून आणतो,” ते आईला म्हणाले. “मला नको बाई,” आई ओरडून म्हणाली, “तुम्हीच बसा.” पुढच्या आठवड्यात ते गोदीतच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

ही बातमी घेऊन ऑफिसातले एक गृहस्थ आमच्याकडे आले. बूट दारात काढून, मोजे घातलेले पाय जवळ घेऊन ते सोफ्याच्या टोकावर बसले होते. ते इंग्रजीत बोलत होते आणि मी आईला मराठीत सांगत होते. मी त्या घरात नेहमीच दुभाष्याचं काम केलं होतं, गॅसवाल्याशी, शाळेतल्या बाईंशी, डॉक्टरांशी, त्यामुळे त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आईला इंग्रजी समजायचं थोडं, बोलता यायचं त्याहून कमी. कंपनीने तिचा व्हिसा धावपळ करून मिळवला. माझ्या परीक्षा तोंडावर होत्या आणि माझ्या व्हिसाला वेळ लागणार होता, म्हणून मी मागे राहिले. काकांनी मुंबईत व्हिसासाठी अर्ज केला, पण व्हिसा शेवटपर्यंत आला नाही. माझ्या सोबतीला शहराच्या दुसऱ्या भागातून, बुओना व्हिस्टाहून, शीलाकाकू राहायला आल्या. त्या आईच्या तिथल्या एकुलत्या एक मैत्रीण, पुण्याच्या, नवरा कॉम्प्युटरवाला. चांगीला आईला सोडताना त्यांनी तिच्या अंगावर स्वतःचा जाड कोट चढवला. तो तिला गुडघ्याखाली येत होता. आत जाताना आई एकदाच वळली आणि म्हणाली, “रेवा, मी फोन करीन. तू मला वाट सांग.”

मला वाटलं, ती आपलं असंच म्हणते आहे. पण ती ते अगदी शब्दशः म्हणाली होती. तिची सोय बंदराजवळ खलाशांसाठी असलेल्या एका वसतिगृहात केली होती आणि इस्पितळ शहराच्या दुसऱ्या भागात होतं. पहिल्या दिवशी कंपनीचा माणूस तिला गाडीने घेऊन गेला आणि जवळ ठेवायला एक मोबाईल दिला. दुसऱ्या दिवशी तो येणार नव्हता. आमच्याकडे दुपार कलली होती, तिकडे सकाळ. फोन वाजला. “मी स्टेशनवर उभी आहे,” आई म्हणाली. तिच्या आवाजामागे वारा होता. “दोन्हीकडून गाड्या येतात गं. कुठली माझी?”

बाबांच्या टेबलावरचा कॉम्प्युटर मी आदल्या रात्रीच उघडून ठेवला होता. हँबुर्गचा सगळा नकाशा पडद्यावर होता. जमिनीखालच्या गाड्या, शहराबाहेर धावणाऱ्या गाड्या, बसचे मार्ग, नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीसुद्धा त्याच तिकिटात. सगळ्या रेषा मधल्या मोठ्या स्टेशनात जाऊन गुंतल्या होत्या. मी सिंगापूरच्या नकाशात वाढलेली मुलगी, तो आमचा तेव्हा अगदी साधा होता, बोटाने गिरवता येईल असा. या नकाशात बोट ठेवायला जागा नव्हती. पण बाबांची पिवळी रेषा मला सापडली. आईचं स्टेशन तिच्यावरच होतं आणि त्याच रेषेवर पुढे, गाडी न बदलता, इस्पितळाच्या बसचं स्टेशन.

“आई, पाटीवर पिवळा रंग दिसतो का? तीन आकडा?”

“दिसतो.”

“पाण्याकडे पाठ कर. आता उजव्या हाताकडून येईल ती गाडी.”

“नक्की ना?”

“नक्की. कॅन ला,” मी शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीच्या सवयीने म्हणाले, ‘जमेल की’ अशा अर्थाने.

“कॅन-ला काय! नीट सांग.”

गाडी आली. दार लागण्याआधी एका बाईचा आवाज आला, जर्मनमध्ये काहीतरी ठासून सांगणारा. “ही काय म्हणते?” आईने घाबरून विचारलं. मलाही माहीत नव्हतं. “दारापासून लांब राहा म्हणत असेल, आपल्याकडे म्हणतात तसं,” मी म्हणाले, आणि ते बरोबर होतं हे मला पुढे कळलं. मग आईने मला खिडकीतून दिसणारं सगळं सांगायला सुरुवात केली, जसं आंधळ्याला सांगावं तसं. आता अंधार. आता पुन्हा उजेड. आता विटांची घरं, आता झाडं, पानं सगळी गळालेली. तिला स्टेशनांची नावं वाचता येत नव्हती, म्हणून ती मला एकेक अक्षर वाचून दाखवायची आणि मी पडद्यावर त्या अक्षरांचं स्टेशन शोधायचे. उतरायच्या स्टेशनचं नाव होतं केलिंगहूझनश्ट्रासे. मी ते तिच्याकडून चार वेळा घोकून घेतलं. शेवटी ती म्हणाली, “ते तुझं राहू दे. मी केळीचा घोस लक्षात ठेवते.” त्या दिवसापासून त्या स्टेशनाचं नाव आमच्यापुरतं केळीघोस पडलं. श्लुंप नावाचं एक होतं, त्याला ती शिंपीणबाई म्हणे. होहेलुफ्टब्र्युके तिला काही केल्या बसेना, त्याला तिने “हो-हो-वालं” करून टाकलं.

असं रोज चाललं. परतीला ती फोन करत नसे, कारण तोवर आमच्याकडे झोपायची वेळ होऊन गेलेली असायची. उलट दिशेने यायचं ते ती एकटी करायची, पण जायचं मात्र माझ्या आवाजाच्या आधाराने. शीलाकाकू म्हणायच्या, “अगं, आता तिला पाठ झालं असेल. कशाला फोन लावते?” मला माहीत होतं कशाला. गाडीत बसून ती मला शिंपीणबाईपर्यंत घरातलं विचारायची, काय जेवलीस, नारळ आणलास का, पेपर कसा गेला. शिंपीणबाईच्या पुढे ती गप्प व्हायची आणि मी तिचा श्वास ऐकायचे. बसमधून उतरून इस्पितळाच्या फाटकाशी आली की म्हणायची, “बरं, ठेवते. आत जाते.” तिथून पुढे मला नकाशा नव्हता.

मधे एकदा बरे दिवस आले. बाबांनी डोळे उघडले. आईने त्यांच्या कानाशी फोन धरला आणि म्हणाली, “बोल.” मी ओरडले, “बाबा, मी रेवा! गणितात बरे मार्क पडलेत!” मागून नर्सबाईंचा दटावणारा आवाज आला आणि आई चक्क हसली. म्हणाली, त्यांनी माझं बोट दाबलं. त्या संध्याकाळी शीलाकाकूंनी शिरा केला. मी खिडकीत उभी राहून विमानं बघत होते आणि कुठल्या विमानातून हे दोघं येतील ते मनात ठरवत होते. त्या शिऱ्यात वेलची जास्त पडली होती. आजही कुठे तशी वेलची लागली की मी ताट बाजूला सारते, आणि घरातल्यांना वाटतं मला गोड आवडत नाही.

मग वादळ झालं. सुट्ट्या लागल्या होत्या, मी घरी होते. शीलाकाकू त्या दिवशी आपलं घर बघून यायला बुओना व्हिस्टाला गेल्या होत्या. फोन नेहमीच्या वेळेच्या बराच आधी वाजला. वसतिगृहातल्या माणसाने आईचं दार ठोठावून ‘हॉस्पिटल, नाऊ’ एवढंच सांगितलं होतं. ती स्टेशनवर पोचली होती. वाऱ्याने तिचं अर्धं बोलणं कापलं जात होतं. टॅक्सी बघ म्हटलं, तर एकही थांबत नव्हती. सगळं शहर टॅक्सी शोधत होतं. नदीचं पाणी धक्क्यावर चढलं होतं आणि फेरीबोटी बंद होत्या. पण पिवळी गाडी आली. आई बसली. पुलावरून जाताना डबा हलतोय म्हणाली. मी पडद्यावर बोट ठेवून तिच्याबरोबर पुढे सरकत होते.

श्लुंपला गाडी थांबली ती निघेना. घोषणा झाली, मग पुन्हा झाली. “सगळे उतरतायत, रेवा. मी उतरू?” मी म्हणाले, शेजारच्या कुणाला तरी फोन दे. एका बाईने फोन घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, पुढे रुळांवर झाड पडलंय, विजेच्या तारांचंही काही झालंय, गाड्या कधी सुटतील कुणाला माहीत नाही. बस? बसही नाही, ती म्हणाली, रस्ते अडलेत. तुझ्या आईला कुठे जायचंय? मी इस्पितळाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, मग तिला चालावं लागेल.

मी रस्त्यांचा नकाशा उघडला. तो आमच्या त्या संथ कॉम्प्युटरवर पट्ट्यापट्ट्यांनी वरून खाली उतरायचा. “आई, बाहेर पड. वर रूळ दिसतात का? त्यांच्या कडेने चाल. कालवा लागेल तोवर.” “चालते.” कोट वाऱ्याने फुगतो, पाऊल पुढे पडत नाही, म्हणाली. कालवा आला. तिथून मोठा रस्ता. मी तिला दुकानांच्या पाट्या वाचायला लावत होते. ती एकेक अक्षर ओरडून सांगत होती आणि मी त्या अक्षरांवरून ती कुठे आहे ते शोधत होते. एका ठिकाणी झाड आडवं पडलेलं, पोलिसाने तिला दुसरीकडे वळवलं, आणि बराच वेळ ती नकाशात कुठेच नव्हती. “आई, कुठली अक्षरं दिसतात?” “काहीच दिसत नाही गं, पावसाने डोळेच उघडत नाहीत.” “थांब तिथेच.” “थांबायला वेळ नाही मला,” असं म्हणून ती चालतच राहिली. मग अचानक म्हणाली, “फाटक दिसलं. आपलं फाटक!” आम्ही दोघी ओरडलो. पोचलो, पोचलो. आम्हाला खरंच वाटलं की आपण जिंकलो.

त्या दिवशी तिने फोन ठेवला नाही. ओल्या बुटांचा फरशीवरचा आवाज मला ऐकू येत होता, लिफ्ट, एक दार, दुसरं दार. मग कुणीतरी बाई इंग्रजीत हळू बोलू लागली. आई म्हणाली, “डॉटर. सिंगापूर. यू टॉक,” आणि फोन दुसऱ्या हातात गेला. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, तू मुलगी का? तुझ्याजवळ कुणी मोठं माणूस आहे का? मी हो म्हणाले. घरात कुणी नव्हतं. मग त्यांनी मला सांगितलं. तासाभरापूर्वी, त्या म्हणाल्या. त्यांना त्रास झाला नाही, त्या म्हणाल्या. आणि फोन परत आईकडे दिला.

“काय म्हणतात?”

“आई, तिथे खुर्ची आहे का? बस ना जरा.”

“खुर्ची कशाला? त्या काय म्हणतात ते सांग.”

“आई, बाबा गेले.”

“काय? मोठ्याने बोल, ऐकू येत नाही.”

लाईन खरंच खराब होती की तिला ऐकायचं नव्हतं, मला माहीत नाही. मी ओरडून सांगितलं. नवव्या मजल्यावर, दार उघडं, भर दुपारी. ते शब्द सबंध व्हरांड्यात गेले असतील.

आई शांतपणे म्हणाली, “असं नाही म्हणाल्या त्या. तुझं इंग्रजी शाळेतलं, त्यांचं निराळं. तू नीट विचार परत.”

आणि फोन पुन्हा त्या बाईंकडे गेला. मी म्हणाले, माझ्या आईला वाटतं मला चुकीचं समजलंय, कृपा करून पुन्हा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून. त्या स्वतः रडत होत्या असं मला वाटलं. फोन आईकडे आला. तिने विचारलं नाही. मी ते पुन्हा सांगितलं. पलीकडे फोन खाली पडल्याचा आवाज आला, आणि मग आईचा. तो मी इथे लिहिणार नाही.

मी वळले तेव्हा शेजारच्या आंटी दारात उभ्या होत्या. या वेळी त्या चपला न काढता आत आल्या आणि माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

आईने अंत्यविधीचं सगळं तिथेच केलं, कंपनीच्या माणसाला बरोबर घेऊन, नातेवाइकांपैकी कुणीही नसताना. परत आली ती बाबांच्या अस्थींची पेटी घेऊन. चांगीहून घरी येताना टॅक्सीत ती तिने मांडीवरच धरली होती. बाबांच्या नोकरीबरोबर आमचे तिथे राहायचे पासही संपले होते. महिन्याभरात देश सोडायचा होता. शीलाकाकू खोकी आणायच्या आणि आम्ही भरायचो. त्या फ्लॅटमध्ये आता सगळे हळू बोलत. भांडं ठेवलं तरी आई दचकून बघायची. ती जेवायची, अंघोळ करायची, माझी वेणी घालून द्यायची, जी तिने मी मोठी झाल्यापासून घातली नव्हती. मला वाटायचं, ती माझ्याजवळ आली आहे. दाभोळला गेलो की सावकाश सगळं सांगेल, केळीघोस म्हणताना कधीतरी हसेलसुद्धा.

शाळेतला दाखला घ्यायला मी एकटी गेले. काम लांबलं. आई काळजी करेल म्हणून मी शाळेच्या ऑफिसातून घरी फोन लावला. तिने उचलला. “आई,” मी म्हणाले, “मी बोलतेय.” मला तिचा श्वास ऐकू आला, तोच, शिंपीणबाईच्या पुढचा. मग तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

मी धावतपळत घरी आले. ती रिकाम्या हॉलमध्ये खोक्यावर बसली होती, फोनपासून शक्य तितकी लांब, भिंतीला टेकून.

“फोन का ठेवलास?”

तिने आधी फोनकडे बघितलं. मग म्हणाली, “तुझा आवाज फोनमधून आला की मला वाटतं, आता तू सांगणार.”

“अगं, काय सांगणार? मला उशीर होणार होता एवढंच.”

“मला कळतं ते. पण मी परत तिथे दारात उभी राहते, भिजलेली.” तिने माझ्याकडे बघितलं नाही. “तुझा दोष नाही. तूच सांगू शकत होतीस. पण मला फोन करू नकोस, रेवा. समोर येऊन काहीही सांग. फोनवर नको.”

मला वाटलं, हे काही दिवसांचं आहे. आता त्या वेळच्या आईपेक्षा माझं वय जास्त आहे. मी पुण्याला वसतिगृहात राहिले, नोकरीला लागले, लग्न केलं, दुसऱ्या गावी गेले. यातलं काहीच तिला माझ्या तोंडून फोनवर कळलं नाही. माझ्या मुलीच्या जन्माची बातमी तिला शीलाकाकूंनी दिली. ती दाभोळला एकटी राहते, सगळ्यांचे फोन घेते, पोस्टमनशी, भाचरांशी तासन्तास बोलते. मला काही सांगायचं असलं की मी एसटीने जाते. दारात पोचले की ती हातातलं काम खाली ठेवते आणि आधी नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते. मग म्हणते, “हं, बोल.”